जेफरसनचं कर्ज कोणी फेडलं? : अमेरिकेच्या संस्थापकांची मृत्युपत्रं

दप्तरदार :

अमेरिकन स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुनीच गोष्ट पुन्हा फिरायला लागली आहे. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन दोघेही जाहीरनाम्याच्या मसुदा समितीतले, दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि दोघेही गेले ते एकाच दिवशी. ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली तो दिवस. गोष्ट खरी आहे, पण ती नेहमी तिथेच संपते. मला त्यानंतरच्या जानेवारीत जास्त रस आहे.

१५ जानेवारी १८२७ ला व्हर्जिनियात माँटिसेलोच्या डोंगरावर जेफरसनच्या घरी लिलाव सुरू झाला. जाहिरातीत गुरं, धान्य, घरातलं आणि स्वयंपाकघरातलं सामान होतंच, पण यादीत पहिलं नाव होतं १३० गुलामांचं. पाच दिवस बोली चालली. जेफरसनचा नातू थॉमस जेफरसन रँडॉल्फ मृत्युपत्राची अंमलबजावणी बघत होता. जुन्या काळी एखादं गाव जिंकून अख्खंच्या अख्खं विकायचे, तसं ते दृश्य होतं, असं त्यानेच पुढे म्हटलंय.

लिलाव कर्जापायी झाला. जेफरसन मेला तेव्हा त्याच्या नावावर १,०७,००० डॉलरच्या वर देणं होतं. हे देणं साठलं कसं, हे बघण्यासारखं आहे. सुरुवात सासऱ्यापासून करावी लागते. जॉन वेल्स १७७३ मध्ये वारला आणि मुलीच्या, म्हणजे जेफरसनच्या बायकोच्या वाट्याला ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांचं दांडगं देणं आलं. जावयाने देणं फेडायला जमिनी विकल्या. घेणाऱ्यांनी पैसे चुकते केले ते युद्धकाळातल्या कागदी नोटांत, आणि त्या नोटांची बघता बघता रद्दी झाली. जमीन गेली आणि देणं जागच्या जागी राहिलं.

इथपर्यंत मला त्याची दया येते. पुढे येत नाही. माँटिसेलो हे घर त्याने चाळीस वर्षं बांधलं, पाडलं, पुन्हा बांधलं. फ्रेंच वाइन, पुस्तकं, बारा महिने पाहुणे. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानीतलं कॅपिटॉल जाळलं, त्यात काँग्रेसचं ग्रंथालय गेलं. तेव्हा जेफरसनने आपली ६,४८७ पुस्तकं काँग्रेसला २३,९५० डॉलरला विकली. आजची लायब्ररी ऑफ काँग्रेस उभी राहिली ती त्या पुस्तकांवर. पैशातले बरेचसे सावकारांकडे वळते झाले, आणि हा गृहस्थ लगेच नवी पुस्तकं मागवायला मोकळा. पुस्तकांशिवाय मला जगता येत नाही, असं अ‍ॅडम्सला त्याने त्याच सुमारास लिहिलंय. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. वर १८१८ मध्ये नातवाच्या सासऱ्याच्या, विल्सन केरी निकोलसच्या, २०,००० डॉलरच्या कर्जाला तो जामीन राहिला. पुढच्याच वर्षी मंदी आली, निकोलस बुडाला, आणि ते वीस हजारही म्हाताऱ्याच्या गळ्यात आले. शेवटी जमिनीची लॉटरी काढायची परवानगी त्याने व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे मागितली. ती लॉटरी मार्गी लागायच्या आत तो गेला.

मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केलं : बरवेल कोलबर्ट, जॉन हेमिंग्ज, जो फॉसेट, मॅडिसन हेमिंग्ज आणि एस्टन हेमिंग्ज. पाचही एकाच गोतावळ्यातले. यातला जो फॉसेट लोहार. त्याला स्वातंत्र्य मिळणार होतं मालकाच्या मृत्यूनंतर एक वर्षाने, म्हणजे जुलै १८२७ ला. त्याची बायको एडिथ ही माँटिसेलोची मुख्य स्वयंपाकीण. जेफरसन अध्यक्ष असताना ती व्हाइट हाउसच्या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकलेली. तिचं आणि मुलांचं नाव मृत्युपत्रात नव्हतं. जानेवारीत बायको-मुलं लिलावात गेली तेव्हा नवरा कागदोपत्री अजून गुलामच होता. पुढे ऐरणीवर घाम गाळून आणि नातेवाइकांच्या मदतीने त्याने एडिथला आणि काही मुलांना सोडवलं. पीटर नावाचा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा. नवा मालक त्याला काही केल्या विकेना. तो सुटला १८५० मध्ये. पुढे सिनसिनाटीत केटरिंगचा धंदा आणि चर्चची पाळकी दोन्ही केली, आणि १९०० मध्ये म्हातारपणी माँटिसेलो बघायला गेला, या वेळी पुढच्या दाराने.

जेफरसनचं कर्ज कोणी फेडलं, याचं निदान अर्धं उत्तर माझ्या मते हे आहे.

आता वॉशिंग्टन. त्याने मृत्युपत्र लिहिलं जुलै १७९९ मध्ये, स्वतःच्या हाताने, २९ पानं. त्याच डिसेंबरात तो गेला. माउंट व्हर्नन या त्याच्या इस्टेटीवर तेव्हा ३१७ गुलाम होते. पण त्यातले त्याच्या मालकीचे १२३ च. १५३ जण बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या, इस्टेटीतले. त्यांच्यावर मार्थाचा फक्त हयातीपुरता हक्क, नंतर ते तिच्या नातवंडांचे. बाकीचे भाड्याने आणलेले. आपल्या १२३ जणांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावं, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना इस्टेटीने पोसावं, अनाथ मुलांना लिहा-वाचायला शिकवावं, आणि कुठल्याही सबबीवर एकालाही व्हर्जिनियाबाहेर विकू नये, असं त्याने बजावून लिहिलंय. युद्धभर सावलीसारखा सोबत राहिलेला विल्यम ली मात्र तात्काळ मुक्त, वर वर्षाला ३० डॉलर. पेन्शनीचे पैसे इस्टेटीतून १८३३ पर्यंत जात होते.

ही कृती मोठी होती, यात शंका नाही. पण अर्धीच पोचली. चाळीसेक वर्षांत दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्नं झाली होती. आयझॅक सुतार वॉशिंग्टनचा, तर त्याची बायको किटी आणि मुली कस्टिस इस्टेटीच्या. बाप मोकळा झाला, पोरी वारसांच्या वाटणीत गेल्या.

तुमचं काय म्हणणं आहे? मॅडिसन, मन्रो, फ्रँकलिन यांच्यावरही लिहायचंय, पण आधी चर्चा होऊ दे.

अर्धाचहा :

लेख आवडला, पण सूर पटला नाही. १८२६ च्या माणसाला आजची मोजपट्टी लावायची म्हटली तर इतिहासात कोणीच उरणार नाही. त्या काळात व्हर्जिनियात जन्माला आलेला जमीनदार दुसरं काय करणार होता? जाहीरनामा लिहिला, धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, विद्यापीठ काढलं, हे कमी आहे का? थडग्यावर त्याने स्वतः हीच तीन कामं कोरायला सांगितली. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखही नको म्हणाला. इतकी नम्रता आजच्या एका तरी पुढाऱ्यात दाखवा.

गोदाकाठ :

@अर्धाचहा, आजची मोजपट्टी राहू दे बाजूला, त्याच्या शेजाऱ्याचीच लावू. एडवर्ड कोल्स, त्याच काउंटीतला तरुण जमीनदार, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसनचा सचिव. याने १८१४ मध्ये जेफरसनला पत्र लिहून विनवलं, की तुम्ही गुलामगिरी संपवायचं काम हाती घ्या, तुमचा शब्द लोक ऐकतील. जेफरसनचं उत्तर थोडक्यात असं : हे काम तरुणांचं, माझं वय झालं; आणि तुम्हीही तुमच्या माणसांना सोडून जाऊ नका. कोल्सने ऐकलं नाही. १८१९ मध्ये त्यांना घेऊन तो इलिनॉयला निघाला, ओहायो नदीवर होडीतच सगळ्यांना सांगितलं की तुम्ही आता मोकळे, आणि तिकडे प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन दिली. पुढे तिथला गव्हर्नर झाला आणि इलिनॉयमध्ये गुलामगिरी आणायचा डाव हाणून पाडला.

दुसरा माणूस रॉबर्ट कार्टर. व्हर्जिनियातल्या सगळ्यात धनाढ्य घराण्यांपैकी एकाचा वारस. १७९१ मध्ये त्याने दानपत्र करून साडेचारशेच्या वर लोकांना टप्प्याटप्प्याने मुक्त केलं. शेजारी संतापले, तो शेवटी बाल्टिमोरला जाऊन राहिला. यांचे पुतळे नाहीत, म्हणून 'त्या काळी कोणीच करत नव्हतं' असं आपल्याला वाटतं.

रिचमंडकर :

मी गेली बरीच वर्षं व्हर्जिनियात आहे, माँटिसेलोला पाहुण्यांना घेऊन नेहमी जाणं होतं. कायद्याची बाजू थोडी मांडतो, त्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

१७८२ मध्ये व्हर्जिनियाने मालकाला खाजगीरीत्या गुलाम मुक्त करायची मुभा दिली. कार्टर आणि वॉशिंग्टन बसले ते या कायद्यात. १८०६ मध्ये पाचर मारली : मुक्त झालेल्याने १२ महिन्यांच्या आत राज्य सोडायचं, नाहीतर पुन्हा विक्री. म्हणून जेफरसनने त्या पाच जणांना राज्यात राहू द्यावं अशी विधिमंडळाला मृत्युपत्रातच विनंती केलीय. तिसरं कलम सावकारांचं. मालक कर्जबाजारी असेल तर गुलामांवर पहिला हक्क धनकोचा. घरबांधणीसाठी जेफरसनने १७९० च्या दशकात आपली माणसं अ‍ॅमस्टरडॅमच्या एका पेढीकडे तारण ठेवली होती. तेव्हा १८२६ मध्ये त्याच्या मनात असतं तरी सगळ्यांना सोडता आलं नसतं, हे खरं. पण हात बांधून घेतले कोणी?

आणि एक. माँटिसेलोवर मलबेरी रो म्हणून एक रस्ता आहे, घराच्या अगदी खालच्या अंगाला. तिथे खिळ्यांचा कारखाना होता, १७९४ पासून. कामाला दहा ते सोळा वर्षांची पोरं. जेफरसन प्रत्येक पोराला लोखंडाची कांब तोलून द्यायचा, संध्याकाळी खिळे तोलून घ्यायचा, आणि कुठल्या पोराने किती लोखंड वाया घालवलं ते वहीत मांडायचा. वही शिल्लक आहे. अक्षर फार सुंदर आहे.

पागोळी :

सुरेख धागा दप्तरदार. एक राहिलं. मार्थाबाईंनी नवऱ्याच्या गुलामांना मरेपर्यंत ठेवलंच नाही, १ जानेवारी १८०१ लाच मुक्त करून टाकलं. हे औदार्य म्हणून सांगतात. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स (राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सची बायको) त्याच्या काही दिवस आधीच माउंट व्हर्ननला जाऊन आली होती, तिने बहिणीला पत्रात खरं कारण लिहिलंय. शंभरावर माणसांना कळलेलं, की ही बाई मेली की आपण सुटलो. त्यांच्यामध्ये राहायचं तर जिवाची शाश्वती वाटेना, म्हणून सोडलं! वॉशिंग्टनसारख्या काटेकोर माणसाला मृत्युपत्र लिहिताना हे सुचलं कसं नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

तिची स्वतःची म्हणून एक व्यक्ती होती, तिलाही मार्थाने मृत्युपत्रात मुक्त केलं नाही, नातवाला दिली. आणि मार्थाची दासी ओना जज तर १७९६ मध्येच, अध्यक्ष जेवायला बसलेले असताना, फिलाडेल्फियाच्या घरातून निघून गेली ती न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टनने माणसं पाठवली, तरी ती परत आली नाही. १८४८ पर्यंत जगली, गरिबीत, कागदोपत्री कस्टिस वारसांची मालमत्ता म्हणूनच.

खुद्द अ‍ॅबिगेलचं मृत्युपत्र मला या सगळ्यांत भारी वाटतं. १८१६ चं. नवरा जिवंत आहे, आणि त्या काळच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईच्या नावावर काहीच नसतं, म्हणजे मृत्युपत्र करायचा अधिकारच नाही. तरी तिने केलं. दागिने, कपडे, रोख, शेअर, जवळजवळ सगळं नात्यातल्या बायकांना, सुनांना, नातींना, कामवाल्या बायकांना. नवऱ्याने निमूटपणे ते पाळलं. पैसे आले कुठून? जॉन अ‍ॅडम्स युरोपात वकिलातीवर असताना ही घरचे व्यवहार बघायची. त्याला एकच वेड, जमीन घ्या. हिने मावशीच्या यजमानांच्या मार्फत सरकारी रोखे घेतले आणि ते जमिनीपेक्षा कितीतरी चांगले फळले. अर्थात व्हर्माँटमधली जमीन तिनेही घेऊन बघितली होती, तेव्हा त्यानेच लिहिलं की आता पुन्हा व्हर्माँटच्या नादी लागू नकोस. :)

ताळेबंद :

पेशाने सीए असल्यामुळे मला फक्त फ्रँकलिनवर बोलायचंय. याचं मृत्युपत्र आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं.

१७९० मध्ये तो गेला. बॉस्टन (जन्मगाव) आणि फिलाडेल्फिया (कर्मभूमी) या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड. पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष म्हणून मिळालेल्या पगारातले. लोकशाहीत पदाधिकाऱ्याने पगार घेऊ नये असं त्याचं मत, म्हणून ते पैसे त्याने असे वळवले. अट अशी : हे पैसे पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या, उमेदवारी पुरी केलेल्या कारागिरांना ५ टक्के व्याजाने द्यायचे, दोन जामीन घ्यायचे, दरवर्षी मुद्दलाचा दहावा हिस्सा परत. तो स्वतः छापखान्यात उमेदवारी केलेला, आणि धंदा टाकायला त्याला मित्रांनी पैसे दिले होते, त्याची ही परतफेड.

मुदत २०० वर्षं! गणित त्यानेच मांडून दिलं. १०० वर्षांनी १,३१,००० पौंड होतील. त्यातले एक लाख सार्वजनिक कामांना खर्च करा, ३१,००० पुन्हा फिरवा, आणखी १०० वर्षांनी ४०,६१,००० पौंड होतील. कॅल्क्युलेटरवर करून बघा, पहिला आकडा बरोबर येतो. प्रत्यक्षात तितकं झालं नाही. कारखाने आले, उमेदवारीची पद्धतच मोडली, अटीत बसणारे कारागीर मिळेनात, काहींनी पैसे बुडवले, मग पैसा दुसरीकडे गुंतवला गेला. तरी १९९० मध्ये खातं बंद झालं तेव्हा बॉस्टनकडे ४५-५० लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाकडे २० लाखांच्या घरात होते. बॉस्टनने मधल्या टप्प्यातल्या पैशांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंत्रशिक्षणाची शाळा काढली, ती आजही चालू आहे.

याच मृत्युपत्रात मुलाचा हिशेबही चुकता केलाय. विल्यम फ्रँकलिन न्यू जर्सीचा ब्रिटिश गव्हर्नर होता आणि युद्धात राजाच्या बाजूने राहिला. बापाने त्याला नोव्हा स्कोशियातल्या जमिनीचा हक्क दिला, त्याच्याकडे आधीपासून असलेली पुस्तकं-कागद त्यालाच ठेवू दिले, येणं माफ केलं, आणि लिहिलं की, गेल्या युद्धात माझ्याविरुद्ध त्याने जी भूमिका घेतली ती जगजाहीर आहे. जी इस्टेट माझ्याकडून जावी म्हणून तो झटला, तिच्यातलं जास्त काही मी त्याला का देत नाही, ते त्यावरून समजावं. मुलीला फ्रान्सच्या राजाचं हिरेजडित चित्र दिलं, ४०८ हिरे, आणि अट घातली की ते काढून दागिने करू नकोस. तिने दागिने केले नाहीत. हिरे विकून युरोपची सहल केली. शब्द पाळला म्हणायचं.

अर्धाचहा :

@ताळेबंद =)) पण बघा, म्हणजे व्यवहार कळणारा माणूसही त्यांच्यात होता. मग बाकीचे एवढे भिकेला कसे लागले? रॉबर्ट मॉरिस तर तुरुंगात गेला म्हणे?

ताळेबंद :

गेला ना. युद्धाच्या काळात सैन्याला पैसा पुरवणारा, जाहीरनामा आणि राज्यघटना दोन्हींवर सही असलेला माणूस. पश्चिमेकडच्या लाखो एकर जमिनी उधारीवर उचलल्या, वसाहतवाले येतील आणि भाव चढतील या आशेवर. युरोपातल्या युद्धांमुळे पैसा आटला, भाव चढले नाहीत. १७९८ ते १८०१ फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात. वॉशिंग्टन त्याला तिथे भेटायला गेला आणि दोघं तिथेच जेवले. जेम्स विल्सनची तर आणखी दैना. हा सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश! पदावर असताना सावकारांना चुकवत गावोगाव हिंडला, मध्ये कैदही झाली, आणि १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एडंटन गावी खानावळीत मेला.

दक्षिणेतल्यांचं दुखणं वेगळं. तंबाखूने जमीन निकस झालेली, पीक निघायच्या आधीच लंडनच्या दलालाकडून उचल घेतलेली. रोकड कोणाकडेच नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टनला शपथविधीला न्यूयॉर्कला जायला अलेक्झांड्रियाच्या एका गृहस्थाकडून ६०० पौंड उसने घ्यावे लागले. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, घरची जमीन हजारो एकर, आणि वाटखर्चाला पैसे नाहीत. बडा घर, पोकळ वासा.

दप्तरदार :

ताळेबंद, पागोळीताई, रिचमंडकर, सगळ्यांचे आभार. मॅडिसनचं आता इथेच लिहून टाकतो.

जेम्स मॅडिसन १८३६ मध्ये गेला. मृत्युपत्रात कोणालाही मुक्त केलं नाही, एवढंच लिहिलं की त्यांच्या संमतीशिवाय त्यांना विकू नये. बायको डॉली, तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा पेन टॉड, दारू आणि जुगार. याच्यापायी मॅडिसनने जिवंतपणीच हजारो डॉलर भरले होते. १८४४ मध्ये डॉलीला मॉन्टपेलियरची इस्टेट माणसांसकट विकावी लागली. संमतीचं कलम कोणी विचारलं नाही.

पॉल जेनिंग्ज हा मॅडिसनचा खाजगी नोकर. मालक गेला तेव्हा शेजारी उभा असलेला. सिनेटर डॅनियल वेब्स्टरने त्याला १२० डॉलरला सोडवलं, महिना ८ डॉलरप्रमाणे काम करून फेडायच्या बोलीवर. तेव्हा डॉली वॉशिंग्टनमध्ये अक्षरशः अन्नाला महाग झाली होती. वेब्स्टर जेनिंग्जच्या हाती तिला शिधा पाठवायचा, आणि जेनिंग्जने नंतर लिहून ठेवलंय की कधीमधी आपल्या खिशातूनही तिला थोडे पैसे देत असे. राज्यघटनेच्या जनकाच्या विधवेला.

पाचवा राष्ट्राध्यक्ष मन्रो याचं दोन ओळीत : तोही कर्जात, एक इस्टेट विकावी लागली, शेवटी न्यूयॉर्कला मुलीकडे राहिला आणि तिथेच गेला. तारीख? ४ जुलै १८३१.

पागोळी :

दप्तरदार, सॅली हेमिंग्जचं नाव तुम्ही मुद्दाम टाळलंत का?

दप्तरदार :

टाळलं नाही, ते सुरू झालं की धागा तिकडेच जातो. पण विचारलंत तर थोडक्यात. सॅली ही त्याच सासऱ्याची, जॉन वेल्सची, गुलाम बाईपासून झालेली मुलगी, म्हणजे जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण. १८०२ मध्ये कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने तिच्याबद्दल छापलं. घरच्यांनी शतकभर नाकारलं. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. एस्टन हेमिंग्जच्या वंशजाचं वाय गुणसूत्र (ते बापाकडून मुलाकडे जातं) जेफरसन घराण्याशी जुळलं. चाचणीने घराणं सिद्ध होतं, व्यक्ती नाही. पण जेफरसन कुठे होता त्याच्या नोंदी आणि तिच्या बाळंतपणांच्या तारखा ताडून माँटिसेलो चालवणाऱ्या संस्थेने २००० मध्ये निष्कर्ष दिला की मुलं बहुधा त्याचीच. काही जण अजूनही मानत नाहीत.

मृत्युपत्रात मॅडिसन आणि एस्टन आहेत, आईचं नाव नाही. जेफरसनच्या मुलीने तिला गाजावाजा न करता जाऊ दिलं, आणि ती १८३५ मध्ये मुलांजवळ शार्लट्सव्हिलला वारली. मोठी दोन मुलं, बेव्हर्ली आणि हॅरिएट, १८२२ मध्येच निघून गेली होती. गोरी म्हणून समाजात मिसळली. पुढे कोण झाली, कोणाला पत्ता नाही.

तांबडंफुटलं :

मृत्युपत्रांचा विषय आणि जॉर्ज विथ नाही? हा जेफरसनचा कायद्याचा गुरू, जाहीरनाम्यावर सही करणारा, व्हर्जिनियाचा चान्सलर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीश. रिचमंडला राहायचा. घरात लिडिया ब्रॉडनॅक्स ही त्यानेच मुक्त केलेली स्वयंपाकीण, मायकेल ब्राउन हा मिश्रवर्णी मुलगा, ज्याला तो स्वतः ग्रीक-लॅटिन शिकवायचा, आणि बहिणीचा नातू जॉर्ज स्वीनी. म्हाताऱ्याने मृत्युपत्रात मायकेललाही वाटा ठेवला होता आणि त्याचं शिक्षण जेफरसनने बघावं असं लिहिलं होतं. स्वीनी जुगारी, आजोबांच्या नावाचे खोटे चेक वठवायचा.

मे १८०६ मध्ये एका सकाळी तिघंही एकदम आजारी पडले. स्वीनीने कॉफीच्या भांड्याशी काहीतरी केलं आणि कागदाचा कपटा विस्तवात टाकला, हे लिडियाने पाहिलं होतं. खोलीत आर्सेनिक सापडलं. मायकेल आधी गेला. विथ दोन आठवडे तळमळला, पण तेवढ्यात मृत्युपत्र बदलून स्वीनीला बेदखल केलं, मग गेला. लिडिया वाचली. डोळ्यांनी पाहणारी एकमेव साक्षीदार. आणि व्हर्जिनियाच्या कायद्यात काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती. स्वीनी खुनातून सुटला. ज्या कायद्याने तो सुटला, तो ज्या राज्याचा, तिथल्या कायद्यांची फेररचना करायला नेमलेल्या समितीत एकेकाळी विथ आणि जेफरसन दोघेही होते.

गोदाकाठ :

बाप रे, हे माहीतच नव्हतं.

अवांतर, पण अगदीच नाही : दप्तरदारांनी ज्याचा उल्लेख केला त्या मॅडिसन हेमिंग्जने आपली हकिगत ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला सांगितली ती १८७३ मध्ये. जेफरसन आपला बाप होता, असं त्यात त्याने स्वच्छ सांगितलंय. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' निघाली, आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. जोतीरावांच्या वाचनात तरुणपणीच टॉमस पेन आला होता, अमेरिकन स्वातंत्र्याची बाजू मांडणारा लेखक. पेन १८०९ मध्ये न्यूयॉर्कला गेला तेव्हा दफनाला मोजून सहाएक माणसं. धर्मावर टीका केली म्हणून जुन्या मित्रांनीही वाळीत टाकलेला. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने स्मारक करायचं म्हणून त्याची हाडं उकरून इंग्लंडला नेली. स्मारक झालं नाही, हाडंही हरवली. वॉशिंग्टन-जेफरसनपेक्षा हा बेवारशी माणूस आपल्याकडे जास्त पोचला.

रिचमंडकर :

+१. याच संदर्भात कोशचुश्को. हा पोलिश सेनानी अमेरिकेच्या युद्धात लढला. १७९८ मध्ये त्याने मृत्युपत्र करून आपले अमेरिकेतले पैसे जेफरसनच्या हवाली केले, या पैशांनी गुलाम विकत घेऊन सोडा, पाहिजे तर तुमचेच सोडा म्हणून. १८१७ मध्ये तो वारला. जेफरसनने वय झालं म्हणून ते काम अंगावर घेतलं नाही. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १८५२ मध्ये पैसे पोलंडकडच्या वारसांना मिळाले. एकही माणूस सुटला नाही. @अर्धाचहा, इथे ना सावकार आडवा होता, ना पैशांची अडचण.

अर्धाचहा :

कोशचुश्कोचं वाचून मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तरी जाहीरनाम्यातलं 'सर्व माणसं समान जन्मलेली आहेत' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्यापेक्षा मोठं झालं, आणि फ्रेडरिक डग्लसपासून मार्टिन ल्यूथर किंगपर्यंत सगळे त्याच वाक्याचा आधार घेऊन भांडले, हे मी सोडणार नाही. बाकी चालू द्या.

पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याच्यावर कोणीच काही लिहिलं नाही? की ब्रॉडवेवरच्या 'हॅमिल्टन' नाटकाने सगळं सांगून झालंय?

पागोळी :

हॅमिल्टन १८०४ मध्ये द्वंद्वात उपाध्यक्ष आरोन बरच्या गोळीने गेला तेव्हा मागे कर्जच होतं. बायकोमुलांसाठी मित्रांनी वर्गणी काढली. त्याची बायको एलायझा पुढे ५० वर्षं जगली, न्यूयॉर्कला अनाथाश्रम उभारला, ९७ व्या वर्षी गेली. हे बहुतेकांना माहीत असतं.

बरचं शेवटचं कमी जणांना माहीत असतं. आरोन बरने १८३३ मध्ये, ७७ व्या वर्षी, एलायझा जुमेल या श्रीमंत विधवेशी लग्न केलं आणि तिचे पैसे उडवायला सुरुवात केली. काही महिन्यांत बाई वैतागली आणि घटस्फोटाचा दावा लावला. दाव्याचा निकाल पक्का झाला १४ सप्टेंबर १८३६ ला, त्याच दिवशी बर मेला. बाईंचा वकील होता अलेक्झांडर हॅमिल्टन, धाकटा, म्हणजे त्याच हॅमिल्टनचा मुलगा.